हौद्याभोवतीची माणसं

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ती तारीख ३ फेब्रुवारी १७६०. पानिपतावर भाऊ पडले ती १४ जानेवारी १७६१. मधे फक्त अकरा महिने आणि अकरा दिवस. माणूस तोच, ऐन तिशीतला. तोफखाना तोच. सोबतचे सरदारही बरेचसे तेच. हिशेबाला चोख, तापट, मानी, एकदा ठरवलं की मागं न फिरणारा हा स्वभावही तोच. असं असताना उदगीरला जो स्वभाव फत्तेला कारण झाला, त्याच स्वभावानं पानिपतावर घात कसा केला?

शोकांतिकेचा विचार करणारे बहुतेकजण या प्रश्नाचं उत्तर नायकातच शोधतात. ॲरिस्टॉटलपासून ही वहिवाट चालत आली आहे. मोठा माणूस, त्याच्या हातून घडलेली एक चूक, आणि त्यातून झालेला सर्वनाश. भाऊंच्या बाबतीतही आपण हेच करतो. भाऊंनी सूरजमलाचं ऐकलं नाही, मल्हाररावांचं ऐकलं नाही, गर्व नडला, असं म्हणून मोकळे होतो. पण हा गर्व उदगीरलाही होता. तिथं तो नडला नाही. म्हणून उदगीर आणि पानिपत ही दोन रणं शेजारी ठेवून बघायला हवीत, आणि बघताना नजर हौद्यातल्या माणसावर न ठेवता भोवतालच्या माणसांवर ठेवायला हवी. माझं म्हणणं असं की नायकाचा दोष एकटा काहीच करू शकत नाही. त्याला कुणाचा तरी हात लागावा लागतो, आणि तो हात बहुधा एखाद्या दुय्यम माणसाचा असतो.

नाटकवाल्यांना हे पुरतं ठाऊक आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून १८९०मध्ये ‘झुंझारराव’ मराठीत आणलं. मूळ नाटकातला ऑथेल्लो संशयी आहे हे खरं, इयागो कपटी आहे हेही खरं. पण डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल उचलते एमिलिया, तिची विश्वासातली बाई. नवरा बरेच दिवस मागतोय, देऊन टाकू, एवढाच तिचा विचार. त्या रुमालानं पुढं काय होणार हे तिला माहीत नसतं. आपल्या महाभारतात कर्णाच्या रथावर सारथी म्हणून शल्य बसतो, तो तर युधिष्ठिराला शब्द देऊनच आलेला. ऐन युद्धात तो कर्णाचा तेजोवध करत राहतो. शाप होते, कवचकुंडलं गेली होती, सगळं होतं. तरी शेवटच्या दिवशी कर्णाच्या सर्वांत जवळ बसलेला माणूस त्याचा नव्हता. एकीनं नकळत केलं, दुसऱ्यानं जाणूनबुजून. नायकाच्या दृष्टीनं परिणाम सारखाच.

आता उदगीर.

या मोहिमेची सुरुवातच एका दुय्यम माणसापासून होते. अहमदनगरचा किल्ला निजामाकडे होता आणि कवीजंग नावाचा त्याचा किल्लेदार होता. नोव्हेंबर १७५९मध्ये त्यानं पैसा घेऊन किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. ज्या किल्ल्यापुढं वेढे घालून वर्षं गेली असती, तो न लढता हाती आला. त्याच्या आदल्याच महिन्यात पुण्याजवळ गारपिराच्या छावणीत भाऊंवर मारेकरी घातला गेला होता. त्यामागं मुजफ्फरखान हा गारद्यांचा, म्हणजे कवायती पायदळाचा, सरदार होता. भाऊ थोडक्यात बचावले आणि मुजफ्फरखानाला देहान्त शासन झालं. कवायती पायदळाचा आणि तोफांचा जाणकार इब्राहिमखान गारदी, ज्यानं आधी निजामाची चाकरी केली होती, तो याच सुमाराला भाऊंच्या पदरी आला. एका गारद्यानं पाठीत वार करवला असताना भाऊंनी दुसऱ्या गारद्यावर विसंबून मोहीम काढली. भाऊ कुणाचं ऐकत नव्हते, माणसं ओळखत नव्हते, असं म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

समोर निजामाच्या घरात दुही होती. गादीवर सलाबतजंग आणि कारभार बळकावू पाहणारा त्याचा भाऊ निजामअली. त्यांची फौज बीदरकडून धारूरच्या रोखानं निघाली, तिथं आपल्या इतर फौजेला मिळायचं म्हणून. मराठ्यांनी तिला उदगीर-औशाच्या टापूत घेरलं. तो टापू पाहिलेल्याला ही लढाई लगेच कळते. बालाघाटाचं पठार, काळी माती, मधूनच ओढ्यांचे खोलगट पट्टे, आणि उदगीरचा तो खंदकानं वेढलेला भुईकोट, ज्यात उदागीर बाबांची समाधी आहे. आसपास मुलूख ओळखीचा, गावोगाव भाषा कळणारी माणसं, रसदेचे रस्ते पुण्याकडे मोकळे. निजामाची फौज चालायला लागली की कडेनं मराठी घोडेस्वार तिचे लचके तोडत, थांबली की तोफा डागल्या जात. शेवटी निजामानं सुमारे साठ लाखांचा मुलूख सोडला, आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर यांसारखी ठाणी देऊ केली. विकला गेलेला किल्लेदार, भांडणारे भाऊ, धन्याला सोडून आलेला तोफखान्याचा जाणकार. दुय्यम माणसं एकेक करून भाऊंच्या पदरात पडली होती. त्यात भाऊंचा हट्टीपणा निर्धार वाटला, आणि तोफांवरचा त्यांचा भरवसा दूरदृष्टी ठरला.

मार्चमध्ये परतूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, पेशव्यांची मसलत बसली. उत्तरेतून दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर १० जानेवारीला पडल्याची बातमी येऊन पोचली होती. उत्तरेत कुणी जायचं? मागच्या स्वारीत नानासाहेब पेशव्यांचे भाऊ राघोबादादा अटकेपर्यंत जाऊन आले होते, पण येताना कर्ज घेऊन आले. नानासाहेबांनी यावेळी भाऊंना निवडलं, सोबत आपले सतरा-अठरा वर्षांचे चिरंजीव विश्वासराव. दादांना मागं ठेवलं. १४ मार्चला फौज हलली. उदगीरला जिंकलेला माणूस उदगीरचीच लढाई मनात घेऊन उत्तरेला निघाला. यात चूक होती असं म्हणता येईल; पण नुकत्याच यशस्वी झालेल्या सेनापतीनं याहून वेगळं काय करायचं असतं?

उत्तरेत जी माणसं भाऊंच्या वाटेत आली, त्यांतल्या काहींची गाठ त्यांच्या येण्याआधीच मारली गेली होती. १७५७मध्ये दिल्लीत नजीबखान रोहिला राघोबादादांच्या कैचीत सापडला होता. मल्हारराव होळकरांनी रदबदली केली आणि नजीब सुटला. तोच नजीब पुढं अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीला घेऊन आला. नजीब संपला तर पेशव्यांना आपली गरज उरणार नाही, असा विचार मल्हाररावांच्या मनात होता असं बखर सांगते. तो खरा असो वा नसो, वयोवृद्ध सरदारानं घातलेला एक शब्द तीन वर्षांनी असा अंगावर आला. नजीबाला मी दुय्यम पात्र म्हणणार नाही, तो या नाटकाचा सूत्रधारच. दुय्यम काय असेल तर त्या दिवशीची मल्हाररावांची भीड.

भरतपूरचा सूरजमल जाट दिल्लीपर्यंत बरोबर होता. जड तोफा, बायकामुलं आणि यात्रेकरू मागं ठेवा, गनिमी काव्यानं लढा, असा त्याचा सल्ला. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली. दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली गेली, कारण फौजेला द्यायला पैसा नव्हता. सूरजमल नाराज होऊन निघून गेला. त्याच्याबरोबर त्याचं धान्यही गेलं. लोक नेमकं हे विसरतात. सूरजमलाची फौज गेली यापेक्षा त्याची कोठारं गेली हे जास्त महत्त्वाचं होतं.

पैशाचा विषय निघाला की गोविंदपंत खेरांकडे यावंच लागतं. इतिहास त्यांना गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो. मूळचे कोकणातले, उत्तरेत वसुलीचं काम पाहता पाहता म्हातारे झालेले. भाऊंची त्यांना गेलेली पत्रं वाचली की छातीत धस्स होतं. पैसा पाठवा, नावा जमवा, अब्दालीची रसद तोडा, मागची बाकी काय झाली? भाऊ पेशव्यांच्या दफ्तरात हिशेब पाहून मोठे झालेले, बाकी थकवणारा माणूस त्यांना सहन होत नसे. गोविंदपंतांनी वर्षानुवर्षं वसुलीत ढिलाई केली असेलही. पण आता त्या वसुलीवाल्याला त्यांनी घोड्यावर बसवून शत्रूच्या पाठीवर सोडलं. गंमत म्हणजे म्हाताऱ्यानं ते काम चांगलं केलं. नोव्हेंबर-डिसेंबरात दुआबातून अब्दालीकडे जाणारं धान्य त्यानं असं रोखलं की अफगाण छावणीत महागाईचा डोंब उसळला. डिसेंबरात अताईखानाच्या घोडेस्वारांनी त्यांना बेसावध गाठून मारलं. त्या दिवसापासून उपासमारीची दिशा बदलली. इतके दिवस अब्दाली भुकेला होता, आता मराठे भुकेले झाले. मला विचाराल तर पानिपतची लढाई जानेवारीत हरली, पण पानिपतचा वेढा गोविंदपंतांच्या मृत्यूनं हरला.

त्याआधी ऑक्टोबरात कुंजपुरा घेताना कुतुबशाह हाती लागला. बुराडी घाटावर दत्ताजींचं शिर कापणारा तो हाच. त्याला मारलं गेलं आणि सूड पुरा झाला. पण त्या सूडापायी भाऊ यमुनेच्या काठानं आणखी उत्तरेला सरकले होते. मागं बागपतजवळ अब्दालीनं उतार शोधून फौज नदीपार आणली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. कुतुबशाह मरताना भाऊंना घराच्या वाटेपासून दूर घेऊन गेला, असंच म्हणायला हवं.

छावणीत बळवंतराव मेहेंदळे होते. भाऊंशी बरोबरीनं बोलू शकणारं, चार शब्द सुनावू शकणारं माणूस. ७ डिसेंबरच्या चकमकीत ते पडले. शोकांतिकेत असं एक पात्र असतंच, नायकाला सांगू शकणारं, आणि ते आधीच जातं. त्यानंतर भाऊंच्या डेऱ्यात कोण काय बोललं याच्या फारशा नोंदी नाहीत, पण तिथून पुढचे निर्णय पाहिले की त्या डेऱ्यातली शांतता जाणवते.

आणि मग ते नाव नसलेले स्वार. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून पैसा घेऊन एक तुकडी रात्रीची निघाली. रस्ता चुकली. अंधारात समोर शेकोट्या दिसल्या, आपलीच छावणी म्हणून आत शिरली. मराठीत हाका मारल्या. ती अफगाणांची छावणी होती. माणसं कापली गेली आणि पैसा गेला. त्या स्वारांची काय चूक? थंडीनं आणि जागरणानं बधिर झालेल्या माणसांनी घरची भाषा बोलली, एवढीच. छावणीत त्या वेळी जनावरं मरत होती, झाडांची पानं आणि साल खाल्ली जात होती. नाना फडणीस त्याच छावणीत होते, अजून एकोणिसाव्या वर्षातले. आईबरोबर यात्रेच्या निमित्तानं आलेले. ती आई त्यांना परत मिळाली नाही.

तह होण्याचाही रस्ता होता. अब्दालीच्या बाजूनं आलेल्या अवधच्या नवाबाला, शुजाउद्दौलाला, लढाई नको होती. त्याच्या पदरी काशीराज पंडित होता, त्याच्यामार्फत भाऊंचे निरोप जात-येत होते. याच काशीराजानं पुढं १७८०मध्ये या युद्धाची हकिगत फारसीत लिहून ठेवली. अफगाण छावणीत नजीब तहाच्या आड आला आणि धर्माच्या नावानं बोलणाऱ्या काझीनं त्याला साथ दिली. दोन-चार माणसांच्या बैठकीत लाखभर जीवांचा निकाल लागला.

१४ जानेवारीला गोलाची लढाई ठरली. गोल म्हणजे चारी बाजूंनी बांधलेली फौज, मधे छावणीतली माणसं, आणि असं सगळं एका गतीनं पुढं सरकत दिल्लीकडे निघायचं. ही पद्धत इब्राहिमखानाची. तिचं सगळं बळ एकाच गोष्टीत, कुणी रांग मोडायची नाही. डाव्या बाजूला इब्राहिमखानाचे आठ-नऊ हजार गारदी, शेजारी दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे घोडेस्वार. सकाळी गारद्यांनी रोहिल्यांना असं झोडपलं की हजारो पडले. विजय समोर दिसायला लागला. आणि शेजारच्या घोडेस्वारांना राहवेना. गोलाचा शिस्तीचा हुकूम देणारा कोण, तर कालपरवा आलेला गारदी, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या तलवार गाजवणारे. बखरी आणि त्यांच्या आधारे झालेलं लेखन सांगतं, की स्वार रांग सोडून पुढं धावले. गारद्यांच्या बंदुकांपुढं आपलीच माणसं आल्यानं गारद्यांचा मारा थांबला. रोहिल्यांनी नेम धरून स्वारांना गोळ्या घातल्या. स्वार उलटे फिरले आणि गोलाला भगदाड पडलं.

विंचूरकर आणि गायकवाड भेकड नव्हते, फितूर तर नव्हतेच. विठ्ठल शिवदेव हे पेशव्यांचे जुने, कसलेले सरदार. त्यांनी केलं ते आयुष्यभर जे करून नाव मिळवलं तेच: शत्रू डळमळला की झेप घ्यायची. उदगीरच्या मैदानात, कडेनं घोडे घालण्याच्या लढाईत, हीच झेप कौतुकाची ठरते. इथं तिनं तटबंदीतला एक दगड निखळावा तसं सगळं ढासळवलं. म्हणून त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. भाऊंनी नवी लढाई ठरवली, पण ती जुन्या माणसांच्या अंगात मुरवायला वेळ मिळाला नाही. नायकाची चूक दाखवायचीच तर मी ही दाखवीन.

दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. भाऊंनी त्यांचा देह हत्तीवर ठेवला आणि स्वतः घोड्यावर बसून गर्दीत शिरले. मागून बघणाऱ्या फौजेला हौद्यात भाऊ दिसेनात. भाऊ पडले असं समजून पळ सुरू झाला, तेव्हा भाऊ लढतच होते. उजव्या अंगाचे मल्हारराव आपले स्वार घेऊन बाहेर पडले.

जवळचा माणूस बाहेर पडल्याचा असाच एक दाखला नांदेडकरांना गोदावरीच्या काठावर मिळेल. माधोदास बैरागी नांदेडला मठ करून राहिला होता. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंहांनी त्याला अमृत देऊन पंजाबात पाठवलं. तो बंदा बहादूर. नांदेडहून निघालेला हा माणूस दोन वर्षांत, १७१०मध्ये, सरहिंद जिंकतो, गुरूंच्या नावानं नाणी पाडतो, कसणाऱ्याला जमीन देतो. १७१५मध्ये गुरदास नंगलच्या वेढ्यात तो महिनोन्‌महिने अडकला. आत धान्य संपत आलं. बाबा बिनोदसिंहांशी पुढं काय करायचं यावर मतभेद झाला, आणि बिनोदसिंह आपली माणसं घेऊन बाहेर पडले. डिसेंबरात गढी पडली. जून १७१६मध्ये दिल्लीत बंदाचे हाल करून त्याला मारलं. शीख परंपरा त्याला शहीद मानते, ते योग्यच आहे. इथं मला फक्त बिनोदसिंहांची जागा दाखवायची आहे. ते गुरूंच्या विश्वासातले, तेही नांदेडहूनच बंदाबरोबर गेलेले, शत्रूला विकले गेलेले नव्हेत. उपाशी गढीत दोन प्रामाणिक माणसांचं पटलं नाही, आणि एक गेला.

पानिपताकडे परत येऊ. तिथं ज्याच्यावर सर्वांचा संशय होता तो इब्राहिमखान शेवटपर्यंत जागचा हलला नाही. त्याचे गारदी जवळजवळ सगळे कापले गेले. तो जखमी होऊन पकडला गेला. शुजानं त्याला लपवायचा प्रयत्न केला, पण अब्दालीनं त्याला मागून घेतलं आणि मारलं. कवीजंगाला पैशानं फोडणाऱ्या भाऊंना पैशावर आलेला हा गारदी इमानी भेटला. रक्ताची आणि नात्याची माणसं सोडून गेली असताना हा राहिला. मराठवाड्यात पानिपतच्या गोष्टी सांगताना विश्वासराव येतात, जनकोजी शिंदे येतात, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई येतात. इब्राहिमखानाचं नाव तितक्याच आदरानं घेतलं जायला हवं.

जगले त्यांतले दोघे तिथं अगदीच मागच्या रांगेत होते. पायाला जखम झालेले महादजी शिंदे आणि आई हरवलेले नाना फडणीस. पुढं बराच काळ मराठ्यांचं राज्य या दोघांनी सावरलं. महादजींनी १७७१मध्ये दिल्ली पुन्हा घेतली आणि पुढच्या वर्षी नजीबाच्या पत्थरगडाचा निकाल लावला.

आणि उदगीरचं काय झालं? पानिपतची बातमी कळताच निजाम उठला. नानासाहेब खचून जून १७६१मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव पेशवे झाले आणि कारभार आला राघोबादादांच्या हाती, परतूरला मागं ठेवलेल्या त्याच राघोबादादांच्या. निजाम पुण्याच्या रोखानं चालून आला, त्याला रोखून कोंडीत पकडण्यात आलं. तरीही दादांनी त्याच्याशी तह केला, कारण पुतण्याशी भांडण झालं तर निजामाची मदत लागेल. उदगीरला सदाशिवरावभाऊंनी मिळवलेल्या मुलखातला मोठा वाटा त्या तहात निजामाला परत गेला.